आधी भाकर, मग प्रश्न: नववी-दहावीच्या 'वाया गेलेल्या' लेकरांना शिकवताना

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलात गणित शिकवतो. घरचा ख्रिस्ती, मूळ जालन्याच्या बाजूचा. आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन-तीन तरुण पोरं आता बी.एड. करून शिक्षक झालीत आणि रविवारी उपासना सुटली की मला गाठून एकच विचारतात, सर वर्गात ती चार पोरं आहेत ना त्यांचं काय करायचं, रोज प्रार्थना करतो पण त्यांच्यात काडीचा फरक नाही. तोंडी किती वेळा सांगणार, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो, म्हणजे ज्याला लागंल त्याने वाचावं.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ सांगतो. वर्गात धर्म शिकवायचा नाही. घटनेचं कलम 28 आहे, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण चालत नाही आणि अनुदानित शाळेत कोणावर सक्ती करता येत नाही, लेकरू लहान असलं तर पालकाची संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते मनापासून पटत नाही. माय-बाप साखर कारखान्याला ऊसतोडीला गेलेलं, आजीपाशी राहणारं, उपाशी आलेलं पोरगं तुम्ही जे म्हणाल त्याला व्हय म्हणंल, त्या व्हयला काय अर्थ आहे? माझा विश्वास माझ्यासाठी आहे. त्याच्यामुळे माझा हात आवरला जावा, माझं तोंड आवरलं जावं, आणि सगळ्यांनी ज्याच्यावर फुली मारली त्या पोराच्या बाकापाशी मी पुन्हा एकदा जावं, एवढ्यासाठी. पोराने मला विचारलं, सर तुम्ही चर्चला जाता का, तर हो सांगतो आणि वही उघड म्हणतो.

मी काय चूक केली ते आधी

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नववीत एक पोरगा होता, शेवटच्या बाकावर, दुसऱ्या तासाला डोकं टेकवून झोपायचा. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी सगळ्या वर्गासमोर कानाखाली वाजवली. पोरगं काही बोललं नाही, दप्तर उचललं आणि गेलं. अकरा दिवस आलं नाही. बाराव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं की माय-बाप दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेत, घरी म्हातारी आणि धाकटी बहीण, हा पहाटे उठून दोन म्हशींचं करतो, शेणकूर, धार, डेअरीला दूध, मग बहिणीचं आवरून चार किलोमीटर चालत शाळा. त्याच्या आजीने मला चहा केला, बिनदुधाचा. घरात दोन म्हशी आणि चहा बिनदुधाचा, कारण दूध सगळं डेअरीला जायचं, मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ घेतलेली उचल फिटत नव्हती. मी त्या पोराची त्याच्या आजीसमोर माफी मागितली. तो खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता आणि एवढंच म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्हाला काय म्हाईत."

हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही. मारणं कायद्यानेही गुन्हा आहे, शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 सहा ते चौदा वयाच्या लेकरांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, आणि अठराच्या आतल्या कोणत्याही मुलाशी सांभाळणाऱ्याने क्रूरपणा केला तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 लागतं. मानसिक छळ म्हणजे "तू ऊसच तोडणार" हे वाक्यसुद्धा. हे वाक्य मी किती स्टाफरूममध्ये ऐकलंय.

आधी भाकर

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात एक प्रसंग आहे जो मी वर्षातून कितीतरी वेळा वाचतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं होतं, तेही कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून. पुढे समुद्राकाठी येशू परत भेटतो तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव आहे, वर मासळी आणि भाकर. येशू पहिल्यांदा काय म्हणतो, तर या, न्याहारी करा. आधी सगळे जेवतात. मग तीनदा प्रश्न, आणि प्रश्नसुद्धा "का नाकारलंस" असा नाही, "माझ्यावर प्रीती करतोस काय" असा. आणि लगेच कामही देतो, माझी मेंढरं पाळ. जेवण, मग प्रश्न, मग काम. माझी वर्गातली सगळी पद्धत हीच आहे, बाकी मला काही येत नाही.

ती करायची कशी, तर अशी. डबा आणताना दोन भाकरी जास्त आणायच्या, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी काहीही. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, नववी-दहावीला नाही, आणि नेमकं ह्याच वयात पोरं सगळ्यात जास्त भुकेली असतात, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मधल्या सुट्टीत त्या पोराला ऑफिसात बोलवायचं नाही, ऑफिस म्हटलं की त्याचं अंग आखडतं. तुम्ही लिंबाखाली जाऊन बसायचं आणि "ये रे, दोन घास खा" म्हणायचं. पहिल्या दिवशी तो नाही म्हणंल. म्हणू द्या, आग्रह नको, अर्धी भाकर कागदावर ठेवून तुम्ही जेवत राहा. कधी तिसऱ्या दिवशी खातो, कधी आठव्या. आणि खाताना त्याच्या वागण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही, अभ्यासाबद्दल पण नाही. म्हैस किती दूध देते, विहिरीला पाणी आहे का, एवढंच.

एका पोराने मला पाचव्या दिवशी स्वतःहून विचारलं, "सर, तुम्ही मला कामून काही इचारत नाही?" मी म्हणालो, तुला सांगायचं असंल तेव्हा सांग. तो भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसला. तळहातावर आडव्या चिरा होत्या, उसाच्या पाचटाने पडतात तशा, म्हणजे शनिवार-रविवार जवळच्या फडात कामाला जात होता. त्या दिवशी त्याने काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सोबत जेवताना एकटं पोरगं, आणि मुलगी असली तर विशेषकरून, बंद खोलीत घेऊन बसायचं नाही. सगळ्यांना दिसंल असं उघड्यावर बसा. मुलींसाठी मॅडमना सोबत घ्या. लेकराची आणि तुमचीही त्यात सुरक्षा आहे.

प्रश्न कसा विचारायचा

"का" विचारू नका. का उशीर, का नाही केलं, का मारलंस, ह्याला पोरांकडे एकच उत्तर असतं, मान खाली किंवा उलट उत्तर. "काय झालं" विचारा. काल सुट्टीनंतर काय झालं, मग काय झालं. गोष्ट सांगायला लागलं की पोरगं स्वतःच "का"पर्यंत येतं. आणि गप्प बसता आलं पाहिजे, आपल्याला शिक्षकांना हे सगळ्यात अवघड, दोन सेकंद शांतता झाली की आपण उपदेश सुरू करतो. मी मनात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणतो, ती संपेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलंय. बहुतेक वेळा ती संपायच्या आत पोरगं बोललेलं असतं.

मग काम, म्हणजे शिकवणं

इथे बरेच दयाळू शिक्षक चुकतात. लेकराची दया येते म्हणून त्याला अभ्यासातून सूट देतात, "राहू दे बिचारा". मला हे चालत नाही. त्याने शिकावं अशी आपली अपेक्षाच नाही हे त्याला बरोबर कळतं आणि ते माराइतकंच लागतं.

ह्या पोरांमधल्या कितीतरी जणांना नववीत असूनही सलग वाचता येत नाही, कारण दरवर्षी चार-पाच महिने ती आई-बापासोबत फडावर होती. दंगा ते लपवायला असतो. मोठ्याने वाच म्हटलं की बाक वाजवतील, शेजाऱ्याला चिमटा काढतील, वर्गाबाहेर काढलेलं परवडतं पण अडखळताना दिसणं परवडत नाही. म्हणून अशा पोराला वर्गात अचानक वाचायला उभं करू नका. आदल्या दिवशी दहा ओळी देऊन ठेवा, सकाळी एकट्याने एकदा तुम्हाला वाचून दाखवू द्या, मग वर्गात त्याच दहा ओळी त्याच्याकडे येतील असं बघा. असं मी एका पोराबरोबर सहा आठवडे केलं. सातव्या आठवड्यात तो म्हणाला, "सर, आज आधी नका देऊ."

गणिताला मी पुस्तकातले सफरचंद-केळी सोडून देतो. फळ्यावर लिहितो, समजा मुकादमाकडून कोयत्यामागं 80,000 रुपये उचल घेतली, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि समजा टनाला 350 रुपये मिळतात, तर उचल फिटायला किती टन तोडावं लागंल? भागाकार करा. 229 टन. आता दिवसाला दोन टन तुटतो धरा, किती दिवस? 115. आणि आजारपणाचा खाडा पडला तर त्याचा दंड वेगळा, तो धरा. ज्या पोराने वर्षभर वही उघडली नव्हती त्याने हे गणित तोंडी केलं, माझ्या आधी. मग बराच वेळ फळ्याकडे बघत बसला. त्याच्या आई-बापाचे 115 दिवस होते ते. शेकडेवारी, व्याज, सरासरी सगळं ह्यात बसतं, आणि पुढे मुकादमाच्या वहीतला आकडा वाचता येतो हा फायदा वेगळाच. फक्त कुणाच्या घरचा खरा आकडा वर्गात विचारायचा नाही, नेहमी "समजा".

चोरी, मारामारी, शिस्त

क्षमा म्हणजे काहीच झालं नाही असं धरून चालायचं, असा काहींचा समज आहे. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला जक्कय आठवा. जकातदार, लोकांना लुबाडलेला, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू त्याला सगळ्यांसमोर पापी म्हणत नाही, आज तुझ्या घरी उतरायचंय म्हणतो. आणि मग जक्कय स्वतः उभा राहून म्हणतो, ज्याचं घेतलं त्याला चौपट परत देतो. परत देण्याची गोष्ट गळालेली नाही, पण ती त्याच्या तोंडून आली.

आमच्या वर्गात एकदा सहलीच्या पैशातले 300 रुपये गेले. कोणी घेतले हे मला आणि अजून दोघांना माहीत होतं. झडती घेतली नाही, पोलिसाची भीती दाखवली नाही. संध्याकाळी त्या पोराला ग्राऊंडवर भेटलो, म्हणालो मला माहितीय, मी वर्गात कोणाला सांगणार नाही, पण परत कसे करायचे हे तू मला उद्या सांग. दुसऱ्या दिवशी त्याने 180 आणून दिले, बाकीचे खर्च झाले होते. उरलेल्याचं त्यानेच ठरवलं, शाळेच्या बागेला महिनाभर सुट्टीनंतर पाणी घालणार. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, पदरचे 120 टाकले. तो महिनाभर पाणी घालत होता, एक दिवस चुकला तर रविवारी येऊन घातलं.

मारामारी असंल तर दोघांना त्याच क्षणी समोरासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावू नका, ती सॉरी खोटी असते. आधी वेगळं करा, पाणी द्या, दुसऱ्या दिवशी बसा. नुकसान झालं असंल तर भरपाई ठरवा आणि ती पूर्ण करून घ्या. ह्यात ढिलाई नको. आज माफ उद्या रागवारागवी असं झालं की पोरांचा आपल्यावरचा भरोसा जातो, घरी त्यांनी तेच बघितलेलं असतं, बाप पिऊन आला की एक आणि शुद्धीत असला की एक.

गुटख्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, तरी पुडी मिळते हे सगळ्यांना माहितीय. वर्गात खिसे उलटे करायला लावू नका, टपरीवाल्याकडे आधी तुम्ही जा, दोन-तीन शिक्षक आणि सरपंच मिळून जा. आणि सोडायला लागलेलं पोरगं पहिले आठ-दहा दिवस चिडचिड करतं, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या, बडीशेप ठेवा टेबलावर.

मुलींचं वेगळं लिहायला पाहिजे

मुली दंगा करत नाहीत म्हणून त्यांचा त्रास दिसत नाही. आई-बाप फडावर जाताना वयात आलेली पोरगी मागं कोणापाशी ठेवायची ही त्यांना खरी भीती असते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो म्हणून सोयरीक लवकर उरकतात. दसऱ्याच्या आधी आणि परत उन्हाळ्यात लक्ष ठेवा. हुशार मुलगी एकदम गप्प झाली, वही अर्धी सोडली, मैत्रिणी तिच्याकडे बघून कुजबुजायला लागल्या की मॅडमना विचारायला सांगा. मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 झाल्याशिवाय लग्न बेकायदेशीर आहे. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि 1098 ह्या लेकरांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला तर नाव गुप्त राहतं. पण नुसता फोन करून मोकळं होऊ नका. आई-बापाची भीती खोटी नाही, त्यांना पर्याय द्या. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, हंगामी वसतिगृहं आहेत, त्याची चौकशी जुलै-ऑगस्टातच करून ठेवा, दिवाळीला गाडी दारात उभी राहिल्यावर काही होत नाही. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी एका मुलीच्या आईला सलग चार रविवार घरी जाऊन भेटून, वसतिगृह दाखवून आणून, तेव्हा कुठं ती सोयरीक लांबणीवर पडली.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली केडगावला आणल्या, त्याबद्दल आम्ही मंडळीत लहानपणापासून ऐकत आलो. त्या मुलींना आधी अन्न, कपडे, औषध लागलं, मग अक्षरं आणि हाताला काम. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 19 व्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेही मला त्याच ओळीतलं वाटतं. आपण काही नवीन करत नाही आहोत, हा विचार मला फार धीर देतो.

मरायची भाषा

आपल्या भागात बापाने, चुलत्याने, शेजाऱ्याने फाशी घेतलेली लेकरं वर्गात बसलेली असतात. "मला जगायचंच नाही" हे ऐकलं की नाटक समजू नका, आणि "असं बोलणं पाप आहे" तर मुळीच म्हणू नका. बायबलाच्या जुन्या करारात, 1 राजे 19 मध्ये, एलीया संदेष्टा स्वतः रानात झाडाखाली बसून मरण मागतो. त्याला दूत रागवत नाही. ऊठ, खा म्हणतो. तो खातो, परत झोपतो, दूत परत उठवून खायला देतो, वाट लांबची आहे म्हणतो. विश्वास कमी पडला असं तिथं कोणी म्हणत नाही.

करायचं काय, तर सरळ विचारा, मरायचे विचार येतात का? विचारल्याने विचार वाढत नाहीत. एकटं सोडू नका, घरातलं मोठं माणूस गाठा, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते विचारा आणि कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लावा, हे आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं आहे. टेली-मानस ह्या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास. सरकारी दवाखान्यात सोबत जा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, "तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागंल त्याला सांगीन, आणि तुला आधी सांगून सांगीन" असं म्हणा. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो कायदा 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून कोणी दाबायला सांगितलं तरी ऐकायचं नाही.

बाप गेलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळतात, कितीतरी विधवा आयांना माहीतच नसतं. मृत्यूचा दाखला, आधार, बोनाफाईड गोळा करून जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज भरायला त्यांच्यासोबत एक दिवस रजा टाकून जा. प्रार्थनेइतकंच मी हे काम पवित्र मानतो.

स्वतःचं

दरवर्षी एक-दोन लेकरं हातातून सुटतातच. तारणारा मी नाही, हे मला स्वतःला रोज सांगावं लागतं. महिन्यातून एकदा पाळकसाहेबांपाशी जाऊन बसतो, लेकरांची नावं न घेता बोलतो, कधी रडतोही. रविवारी पेपर तपासत नाही. एक पोरगा दहावीच्या ऐन तोंडावर शाळा सोडून गेला, हजेरी 75 टक्के भरली नाही. दोन वर्षांनी ट्रॅक्टर चालवताना रस्त्यात दिसला, ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. त्याला सांगितलं की सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. अजून भरलेला नाही. मी दर जुलैत फोन करतो.

आणि हजेरीचं राहिलंच. सकाळी गैरहजर पोराचं नाव आलं की पटकन पुढं जाऊ नका. नाव पूर्ण घ्या, वडिलांच्या नावासकट, थांबा, वर्गाकडे बघा. त्याच्या गल्लीत राहणारा कोणी असंल त्याला विचारा, काल दिसला का. मग सांगा, संध्याकाळी त्याच्या घरावरून जा आणि म्हण, सरांनी नाव घेतलंय, उद्या डबा जास्तीचा आणणारेत.